वाचनाची शिडी

नेमलेलें पुस्तक ठरलेल्या मुदतींत संपविण्याची विद्या आम्हां प्राध्यापकांस चांगली साधलेली असते. पण 'पोर्शन' पुरा झाल्याचें समाधान मला अलीकडे पूर्वीइतकें वाटत नाहीं, आणि त्याला कारण बाराव्या शतकांतील एक मठवासी आहे. क्लेर्व्होच्या मठाचा अधिपति बर्नार्ड यानें इ. स. ११३५ मध्यें आपल्या बंधूंसाठीं बायबलांतील 'गीतरत्न' या ग्रंथावर प्रवचनें आरंभिलीं. इ. स. ११५३ मध्यें तो मरण पावला, तेव्हां ८६ प्रवचनें झालीं होतीं, आणि अवघ्या आठ अध्यायांच्या त्या प्रेमकाव्याचा तिसरा अध्याय नुकता कोठें सुरू झाला होता. अठरा वर्षांत दोन अध्याय! असा प्राध्यापक आमच्या विद्यापीठांत एक वर्षहि टिकता ना. परंतु त्याच्या श्रोत्यांस पुस्तक संपवावयाचें नव्हतें. ईश्वर प्रेमळ आहे या वाक्यास मान डोलविण्यापेक्षां त्या प्रेमाचा स्वतः अनुभव घ्यावा, ही त्यांची इच्छा होती. या इच्छेंतून वाचनाची जी एक पद्धति युरोपांत घडत गेली, तिचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

तिचें मूळ सहाव्या शतकांतील बेनेडिक्टच्या नियमावलींत सांपडतें. प्रार्थना, अंगमेहनत आणि वाचन अशी त्यानें दिवसाची वांटणी केली, व ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळांत प्रत्येकास एकेक ग्रंथ देऊन तो आरंभापासून क्रमानें सबंध वाचावा असा दंडक घातला. दुपारच्या विश्रांतींत वाचणाऱ्यानें शेजाऱ्यांस त्रास न होईल अशा बेतानें वाचावें, असेंहि एक कलम आहे. त्यावरून त्या काळचें वाचन ओंठांनीं व कानांनीं चाले हें कळतें. त्यापूर्वीं चौथ्या शतकांत मिलानचा बिशप अँब्रोज नुसत्या डोळ्यांनीं वाचतो, ही गोष्ट ऑगस्टिननें आपल्या आत्मवृत्तांत मुद्दाम नमूद करून ठेविली. ओंठांवर घोळलेलें वचन पाठ होई, आणि पाठ झालेलें वचन शेतांत कुदळ मारतांना पुन्हां वर येई. या क्रियेला त्या लोकांनीं 'रवंथ' असें नांव दिलें होतें. आमच्या खेड्यांतील मुलालाहि हा दृष्टांत समजावून सांगावा लागणार नाहीं.

पुढें इ. स. १०८४ मध्यें ब्रूनो नांवाच्या विद्वानानें, रॅंस येथील विद्यालयाचें प्रमुखपद मागें टाकून, फ्रान्समधील आल्प्स पर्वतांत सहा सोबत्यांसह शार्त्रूझचा एकांतमठ स्थापिला. तेथें प्रत्येक यति स्वतंत्र कोठडींत राही. त्याला लेखनसाहित्य मिळे, आणि ग्रंथालयांतून दोन ग्रंथ वाचावयास मिळत. तोंडानें उपदेश करणें हें आपलें व्रत नव्हे, तेव्हां ग्रंथांच्या नकला करून हातांनींच उपदेश करावा, अशी त्यांची भावना होती.

याच मठाचा नववा प्रमुख दुसरा गीगो. त्यानें बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्व्हास नांवाच्या बंधूस लॅटिन भाषेंत एक पत्र लिहिलें. तें 'शिडी' या नांवानें प्रसिद्ध असून पुढें दीर्घकाल ऑगस्टिनच्या किंवा बर्नार्डच्या नांवावर चालत राहिलें. या शिडीच्या पायऱ्या चार: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. उदाहरणादाखल त्यानें येशूच्या पर्वतावरील प्रवचनांतील, निर्मळ अंतःकरणाच्या माणसांस देवदर्शनाचें आश्वासन देणारें वचन घेतलें आहे. वाचक प्रथम पाहतो कीं येथें सांगितलेली शुद्धि अंतःकरणाची आहे. मग इतर वचनें आठवून तो तिचें मोल जोखतो. जों जों मोल कळतें, तों तों ती आपल्यापाशीं नाहीं व केवळ विचार करून ती मिळणारहि नाहीं, हेंहि कळूं लागतें. येथें मनन थकतें आणि मागणें सुरू होतें. सर्व पत्राचें मर्म मला या वळणापाशीं दिसतें. जोंपर्यंत बुद्धि चालते आहे तोंपर्यंत माणूस ईश्वराविषयीं विचार करतो. ती थकली म्हणजे तो ईश्वराशीं बोलतो.

चौथी पायरी मात्र मागून मिळत नाहीं. ती दिली जाते, आणि दिलेलें सुखहि टिकत नाहीं. गीगो हें लपवीत नाहीं. प्रियकर कांहीं काळ दिसेनासा होतो. पण साधकास गर्व होऊं नये व त्याची ओढ वाढावी यासाठींच हें जाणें असतें, असें तो समजावितो. अशा वेळीं निराश न होतां खालच्या पायरीवर येऊन पुन्हां वाचावयास बसावें. विरहाची ही भाषा आमच्या संतवाङ्मयाच्या वाचकांस परकी वाटूं नये.

तथापि मी एकाच पक्षाची वकिली करतों आहें असें कोणी समजूं नये. त्याच शतकांत अबेलार्डनें १५८ प्रश्नांवर धर्माचार्यांचीं परस्परविरोधी वचनें शेजारीं शेजारीं मांडून विद्यार्थ्यांस शंका घ्यावयास शिकविलें, आणि बर्नार्डनें इ. स. ११४१ च्या सुमारास सांस येथील सभेंत त्याचीं मतें दोषी ठरवविलीं. आम्ही विद्यापीठाचे लोक त्या शंकेचे वारस आहोंत, व तिची लाज धरण्याचें कारण नाहीं. शिवाय शार्त्रूझच्या यतींचा एकांत ज्यांच्या श्रमावर उभा होता, त्या श्रमबंधूंस बहुधा अक्षरओळख नसे. त्यांच्या वांट्यास ठराविक प्रार्थना मोजून म्हणणें येई. शिडी होती, पण ती सर्वांच्या दारीं नव्हती.

ती दाराबाहेर कशी पडली, याचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. चौदाव्या शतकांत याच पंथांतील लुडॉल्फ यानें येशूचें एक विस्तृत चरित्र लिहिलें, व प्रत्येक प्रसंगीं आपण समक्ष उभे आहों असें मानून प्रार्थना करावयास वाचकांस सांगितलें. इ. स. १५२१ मध्यें पांप्लोनाच्या लढाईंत पाय मोडून घरीं पडलेल्या इग्नेशियस लोयोलानें शौर्यकथा मागितल्या. घरांत त्या नव्हत्या, म्हणून हें चरित्र व संतकथा त्याच्या हातीं आल्या. त्या वाचनानें शिपायाचा साधक झाला, आणि पुढें त्यानें जेझुइट संघ स्थापिला. त्या संघांतला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला. आपले जुने पुराणग्रंथ सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठीं त्यानें मराठी ओंव्यांत 'क्रिस्तपुराण' रचिलें, व तें इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. देवळांत तें मोठ्यानें वाचलें जाई. अक्षर न येणाऱ्यासहि कानानें पहिली पायरी चढतां आली.

इ. स. १९६५ मध्यें व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेनें सर्वच श्रद्धावंतांस शास्त्रवाचनाला प्रार्थनेची जोड द्यावी असें सांगितलें, तेव्हां ती शिडी अधिकृतपणें चौकांत आली.

परवां एक लहानशी कविता मी वर्गांत तीन तास वाचीत बसलों. पोर्शन मागें पडला, आणि एका विद्यार्थ्यानें अदबीनें त्याची आठवणहि करून दिली. त्याचें म्हणणें बरोबर होतें. परीक्षा त्याला द्यावयाची आहे. तरी चौथ्या तासालाहि मी तीच कविता उघडली.