अफूची गोळी

अफूचे नाव निघाले की पोलादपूरच्या माझ्या मामी आवाज खाली आणीत. तरुणपणी त्या मुंबईला गिरणगावात राहिल्या होत्या. तिकडे कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला बाळागोळी चाटवून निजवीत. त्या गोळीत अफू असे. एखादे पोर निजे ते उठतच नसे.

त्याआधी शंभर वर्षे हीच अफू माळव्यातून मुंबई बंदरात येऊन चीनला जाई. सर जमशेटजी जिजीभॉय यांची पेढी या व्यापारात वाढली, आणि त्यांच्याच देणगीतून 1845 साली जे. जे. रुग्णालय उभे राहिले. अफूचा पैसा असा औषधाकडे वळला! तिच्या चिकातून मॉर्फिन तर जर्मनीतल्या झेर्ट्युर्नरने त्यापूर्वीच निराळे काढले होते.

1996 साली मामांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. परळहून त्यांना सावित्रीकाठच्या घरी आणले. दुखणे फारसे नव्हते, पण धाप विलक्षण. रात्रभर ते उशांना टेकून बसत आणि मामी पंख्याने वारा घालीत. (चेहऱ्यावर वारा लागला की धाप थोडी सुसह्य होते, हे आता डॉक्टरही सांगतात.) चिठ्ठीवर मॉर्फिन लिहिलेले. ते ना पोलादपुरात मिळाले, ना महाडात. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ माजले होते की, ज्या देशात नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, त्या देशात औषधी मॉर्फिनचा खप 1997 साली अवघ्या 18 किलोंवर आला. एका परवान्यावर भागेल अशी सुधारणा व्हायला 2014 साल उजाडले.

शेवटी मामेभावाने मुंबईहून गोळ्या आणल्या, तर मामींनी त्या ट्रंकेत कुलूपबंद केल्या. "पोरं कशी निजवतात ते मी पाहिलंय रे. ह्यांना नाही निजवायचं मला."

महाडचे डॉक्टर येऊन बसले. त्यांनी समजावले : हे औषध फुप्फुस बरे करीत नाही, हवा पुरत नाही अशी जी हाकाटी मेंदूत चालते, ती मंद करते. मात्रा अगदी थोडी, देखरेखीखाली हळूहळू वाढवलेली असली तर श्वास थांबत नाही. पोट मात्र बांधते, म्हणून जोडीला रेचक हवेच. सगळ्यांनाच गुण येतो असेही नाही.

मामांना आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेज मागितली, भाताची लावणी कुठवर आली ते विचारले. पुढे अकरा दिवस ते आमच्याशी बोलत होते.

उरलेल्या गोळ्या मामींनी दोनदा मोजल्या आणि परळला परत पाठविल्या.