विकल्प: नाकारलेल्या फिल्म्सचा महोत्सव

फेब्रुवारी २००४ मध्ये मुंबईत एकाच आठवड्यात माहितीपट आणि लघुपटांचे दोन महोत्सव चालू होते. एक सरकारी. फिल्म्स डिव्हिजनचा, १९९० पासून दर दोन वर्षांनी भरणारा, ज्याला सगळे ‘मिफ’ म्हणतात. दुसरा प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात भरला होता. त्याचे नाव ‘विकल्प’. त्याच्यामागे ना मंत्रालय होते, ना मोठा प्रायोजक. मिफने नाकारलेल्या फिल्म्स तिथे दाखवल्या जात होत्या आणि त्या बनवणारेच खुर्च्या लावत होते, प्रोजेक्टर सांभाळत होते.

वाद आदल्या वर्षी सुरू झाला. मिफमध्ये यायचे तर भारतीय फिल्मला सेन्सॉरचे प्रमाणपत्र हवे, असा नियम काढण्यात आला. परदेशी फिल्मला ही अट नव्हती. म्हणजे जर्मनीचा दिग्दर्शक मुंबईत येऊन प्रमाणपत्राशिवाय आपली फिल्म दाखवणार आणि कुर्ल्याच्या मुलाने आधी सेन्सॉरच्या पायऱ्या चढायच्या! देशभरातले स्वतंत्र फिल्मकार एकत्र आले, बहिष्काराची भाषा झाली आणि नियम मागे घ्यावा लागला. मग निवड समितीची यादी आली. सुमारे तीस महत्त्वाच्या फिल्म्स गळल्या होत्या. त्यांत गुजरात २००२ वरच्या होत्या, जातीवरच्या होत्या, लैंगिकतेवरच्याही होत्या. दाराने अडवता आले नाही तेव्हा चाळणीने अडवले, असे फिल्मकारांचे म्हणणे होते आणि यादी पाहता ते खोडून काढणे अवघड होते. निवड झालेल्यांपैकी काहींनी आपल्या फिल्म्स मिफमधून काढून घेतल्या आणि ‘विकल्प’मध्ये दाखवल्या. मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. नाकारलेल्याने रागावणे सोपे असते, निवडलेल्याने उठून बाहेर येणे सोपे नसते.

राकेश शर्मांची ‘फायनल सोल्यूशन’ नाकारलेल्यांपैकीच. गुजरातच्या हिंसाचारावरची ही फिल्म त्याच महिन्यात बर्लिनच्या महोत्सवात पुरस्कार घेऊन आली. त्यानंतर इथल्या सेन्सॉर मंडळाने तिला प्रमाणपत्रच नाकारले. शर्मांनी सीडी मोफत वाटायला सुरुवात केली. अट एवढीच, की घेणाऱ्याने आणखी प्रती काढून पुढे द्यायच्या. ऑक्टोबर २००४ मध्ये बंदी उठली, पण तोवर फिल्म पाहायची त्यांनी पाहिलेली होती.

हे सगळे नवे नव्हते. छोट्या फिल्मवरून सरकारशी भांडण्याची वाट ज्याने पाडली, तो माणूस आपल्याला ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’चा लेखक म्हणून माहीत आहे: ख्वाजा अहमद अब्बास. पानिपतचे, हालींच्या घराण्यातले, पण आयुष्य काढले मुंबईत. १९६८ मध्ये त्यांनी ‘चार शहर एक कहानी’ हा सोळा मिनिटांचा माहितीपट केला. मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली. एकीकडे इमले, दुसरीकडे ते बांधणाऱ्यांची फुटपाथवरची जिंदगी. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. सेन्सॉर म्हणाले, फक्त प्रौढांसाठी. अब्बास अपिलात गेले, तेव्हा केंद्र सरकार म्हणाले, ती दृश्ये कापा आणि सर्वांसाठीचे प्रमाणपत्र घ्या. अब्बास थेट सुप्रीम कोर्टात गेले.

खटला चालू असतानाच सरकारने माघार घेतली आणि एकही काप न करता प्रमाणपत्र देऊ केले. दुसरा कुणी असता तर मिठाई वाटून घरी गेला असता. अब्बासांनी अर्ज दुरुस्त करून घेतला आणि मुळातल्या प्रश्नालाच हात घातला: दाखवण्याआधीच फिल्म तपासायचा अधिकार सरकारला का असावा? पुस्तकाला नाही, वर्तमानपत्राला नाही, मग फिल्मलाच का?

खंडपीठाच्या प्रमुखपदी होते सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला. देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश, नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. २४ सप्टेंबर १९७० च्या निकालात त्यांनी फिल्मची पूर्वतपासणी घटनेला धरूनच आहे असे ठरवले. मुख्य मुद्द्यावर अब्बास हरले. पण निर्णयाला कालमर्यादा हवी, अपील सरकारकडे नको, स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे हवे, आणि लैंगिक विषय आला म्हणजे अश्लीलता आली असे नाही, हेही निकालात आले. असे न्यायाधिकरण १९८३ मध्ये झाले आणि २०२१ मध्ये सरकारने ते गुंडाळले. आता अपील करायचे तर हायकोर्ट. लाख-दोन लाखांत लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्याला याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

महोत्सवांना प्रमाणपत्रातून सूट मिळते खरी, पण ती मंत्रालयाच्या हातात असते. २०१७ मध्ये केरळच्या लघुपट महोत्सवात तीन फिल्म्सना ही सूट नाकारली गेली. एक रोहित वेमुलावर, एक काश्मीरवर, एक जेएनयूच्या आंदोलनावर. विषय वाचले की कारण विचारावेसे वाटत नाही.

एक गोष्ट आपल्या समाजालाही ऐकवायला हवी. सिनेमात मुसलमान म्हणजे एक तर शायर, नाही तर दहशतवादी, ही आपली तक्रार रास्त आहे. पण २०१३ मध्ये ‘विश्वरूपम’च्या वेळी तामिळनाडूत आपल्याच संघटना बंदी मागत उभ्या राहिल्या आणि बंदी आलीही. तेच हत्यार गुजरातवरच्या फिल्मवर चालते तेव्हा आपण ओरडतो. ज्या वाक्याने एक फिल्म बंद होते, त्याच वाक्याने दुसरीही होते. नावे तेवढी बदलतात. त्यापेक्षा आपल्या पोरांनी मोबाइलवर केलेल्या दहा मिनिटांच्या फिल्मसाठी उर्दू शाळेचा हॉल एक संध्याकाळ उघडून देणे जास्त उपयोगाचे. किती ठिकाणी असे होते?

‘विकल्प’ त्या आठवड्यानंतर संपला नाही. फिल्म्स इतर शहरांत फिरल्या, आणि पुढे मुंबईत जुहूच्या पृथ्वी हाउसमध्ये दर महिन्याला खेळ होऊ लागले. फिल्म संपली की दिवे लागायचे आणि प्रेक्षक दिग्दर्शकाला प्रश्न विचारायचे. अब्बासांचे घरही जुहूलाच होते.