प्रस्तावना : कायदा वृद्धाश्रमाच्या आत नेताना

हे पुस्तक हाती घेणारे वाचक वेगवेगळ्या वाटांनी इथवर आले असतील. कुणी विधी महाविद्यालयात शिकत असेल, कुणी समाजकार्याची पदवी घेऊन एखाद्या संस्थेत नुकतं रुजू झालं असेल, कुणी ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यकारिणीवर असेल; आणि कुणी, आईसाठी घरी माणूस ठेवायचा की तिला वृद्धाश्रमात न्यायचं, या विचारात रात्री जागत असेल. सर्वांचं मनापासून स्वागत. ज्येष्ठांच्या हक्कांच्या या अभ्यासात शिरायला कायद्याची पदवी लागत नाही. वयस्कर माणसाचं बोलणं मध्येच न तोडता ऐकून घेण्याची तयारी मात्र लागते.

आपल्या कायद्याने ज्येष्ठाकडे आधी पाहिलं ते कुणाचे तरी वडील किंवा कुणाची तरी आई म्हणून. संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदात वार्धक्यातल्या साहाय्याचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. प्रत्यक्ष दाद मागायची सोय झाली ती १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने आणि पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ने. १९८७ साली कल्याणच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी येते. पोटगी म्हणजे बायकोमुलांचाच प्रश्न, असं मानणाऱ्या समाजाला हा निकाल बरंच काही शिकवून गेला.

मग आला २००७चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा. साठ वर्षं पूर्ण केलेल्या नागरिकाला त्याने प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडेच दाद मागण्याची वाट दिली. ज्याला अर्ज करणं झेपत नाही, त्याच्या वतीने त्याने नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. मुलांना नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे. अपत्य नसेल, तर ज्या नातेवाइकाच्या ताब्यात मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, त्याच्याकडून निर्वाह मागता येतो. मात्र भत्त्याची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये ठेवली गेली, आणि ती आजही कायद्यात तशीच आहे. त्याच रकमेत आज औषधं, डायपर आणि दिवसपाळीच्या मावशींचा पगार बसवून पाहावा. या मर्यादेचा अर्थ आपोआप समजेल.

या कायद्यातलं सर्वांत जास्त गाजलेलं कलम २३वं. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. डिसेंबर २०२२च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट होती हे दाखवणं आवश्यक ठरवलं. जानेवारी २०२५मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे यावर भर दिला, आणि गरज पडल्यास न्यायाधिकरण घराचा ताबाही परत मिळवून देऊ शकतं, असं सांगितलं. त्याआधी २०२०मध्ये बंगळुरूच्या प्रकरणात सुनेच्या निवाऱ्याचा हक्क पुढे आला होता. सासू-सासऱ्यांना संरक्षण देताना कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सुनेला दिलेलं संरक्षण पुसता येणार नाही, हे त्या निकालाचं सार. ज्येष्ठांच्या बाजूने उभं राहणाऱ्याने हा निकाल दोनदा वाचावा. एका दुर्बलाचा हक्क दुसऱ्या दुर्बलाला रस्त्यावर आणून मिळवायचा नसतो.

हा सगळा कायदा कुटुंबाच्या उंबऱ्यापाशी फिरतो. जो ज्येष्ठ तो उंबरा ओलांडून वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात राहायला गेला, त्याचं काय? कलम १९ राज्य सरकारला जिल्ह्यागणिक निदान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम काढण्याची मुभा देतं. सक्ती करत नाही. खाजगी वृद्धाश्रमाने नोंदणी करावी, तिथे किती मदतनीस असावेत, रात्री कोण हजर असावं, अनामत रक्कम कोणत्या परिस्थितीत परत मिळावी, याबद्दल २००७चा कायदा काही सांगत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांचे हात पलंगाला बांधले जात असतील, पडून राहिल्याने आजींच्या पाठीला जखमा झाल्या असतील, तर तक्रार कुणाकडे करायची? तक्रार केल्यावर त्याच छताखाली रात्र काढायची असते. या एका गोष्टीमुळे बहुतेक तक्रारी ओठांवरच थांबतात.

अशाच प्रश्नांना अमेरिकेने कसं तोंड दिलं, ते इथे पाहण्यासारखं आहे. १९७५ साली एल्मा होल्डर यांच्या पुढाकाराने तिथे शुश्रूषागृहांच्या सुधारणेसाठी नागरिकांची राष्ट्रीय आघाडी उभी राहिली. १९८५मध्ये या आघाडीने अनेक शहरांतल्या चारशेहून अधिक निवासींना विचारलं, की तुमच्या मते चांगली काळजी म्हणजे काय. १९८६मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा शुश्रूषागृहांविषयीचा अहवाल आला, आणि डिसेंबर १९८७मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या सहीने शुश्रूषागृह सुधारणा कायदा झाला. सोयीसाठी माणसाला बांधून ठेवायचं नाही किंवा गुंगीची औषधं द्यायची नाहीत, खाजगीपण जपायचं, तक्रार केल्याबद्दल त्रास द्यायचा नाही, हे हक्क त्याने लेखी दिले. मदतनिसांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि सूचना न देता होणारी नियमित तपासणी बंधनकारक झाली. निवासींच्या तक्रारी घेऊन आत जाऊ शकणारे लोकपाल प्रत्येक राज्यात त्याआधीच नेमले जात होते. माणसांना बांधून ठेवण्याचं प्रमाण पुढच्या वर्षांत बरंच खाली आलं. तरी काम संपलेलं नाही. २०२४मध्ये तिथल्या केंद्र सरकारने आणलेला किमान कर्मचारी-संख्येचा नियम २०२५मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने रद्दबातल ठरवला. मिळवलेला हक्क राखावाही लागतो, याचं हे ताजं उदाहरण.

आपल्याकडेही हालचाल झाली आहे. डिसेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठांचा निवारा, आरोग्य आणि प्रतिष्ठा यांचा संबंध २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काशी जोडला आणि जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला सांगितलं. डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. त्यात दहा हजारांची मर्यादा काढून टाकण्याची, तसंच वृद्धाश्रमांची आणि घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीने अहवालही दिला, पण २०२४मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक मंजूर न होताच व्यपगत झालं. त्याच वर्षी महारेरा या महाराष्ट्रातल्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी बांधकामाचे निकष घालून दिले. रॅम्प, लिफ्ट आणि दारांच्या रुंदीपर्यंत नियम पोहोचला. आता तो पोहोचवायचा आहे त्या दारातून आत येणाऱ्या मदतनिसाच्या हातापर्यंत.

पुढच्या प्रकरणांमागे हाच एक आग्रह आहे : ज्येष्ठ कुणाचा बाप किंवा आई असो वा नसो, जिथे राहतो तिथे निवासी म्हणून त्याचे हक्क कायद्याने मान्य केले पाहिजेत. हे कसं साधायचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते पुस्तकात मोकळेपणाने मांडले आहेत. तालुक्याच्या गावी देणग्यांवर चाललेल्या वीस खाटांच्या आश्रमाला आणि शहरातल्या महागड्या केंद्राला एकच मोजपट्टी लावली, तर पहिला बंद पडेल आणि तिथले निराधार जातील कुठे? म्हणून सुरक्षितता, उपचार आणि तक्रारीचा हक्क सर्वत्र सारखा, आणि इमारतीचे व सोयींचे निकष टप्प्याटप्प्याने, असा मार्ग काही लेखक सुचवतात. मदतनिसांचे पगार, सुट्ट्या आणि प्रशिक्षण यांनाही इथे स्वतंत्र प्रकरण आहे. सलग दोन पाळ्या करणाऱ्या मावशींकडून मायेची अपेक्षा करणारा कायदा त्यांच्यावरही अन्याय करतो.

पुस्तक वाचताना सोबत काम सुरू करता येईल. आपल्या उपविभागातल्या न्यायाधिकरणात किती अर्ज आले आणि किती दिवसांत निकाली निघाले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. जवळच्या आश्रमाचा करारनामा मागून वाचता येतो. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर लावता येते. आणि मागण्यांचा मसुदा तयार करायला बसण्याआधी वृद्धाश्रमातल्या माणसांना विचारता येतं, की त्यांना सर्वांत आधी काय बदलायला हवं आहे. त्यांचं उत्तर मसुद्याच्या पहिल्या कलमात असावं. त्यानंतरची कलमं लिहायला हे पुस्तक तुमच्या उपयोगी पडो.