पाटलिपुत्राचा अग्निदंड

पाटण्यास बदलून आलेल्या मराठी माणसाचे पाय एकदा तरी कुम्हरारकडे वळतात. १९१२-१३ मध्ये स्पूनर यांनी तेथील मौर्यकालीन स्तंभमंडप उजेडात आणला. त्या कामास मुंबईच्या रतन टाटांचे द्रव्यसाह्य होते. पुढे १९५१ ते १९५५ या काळातील उत्खननाची धुरा आपल्या डॉ. अनंत सदाशिव आळतेकरांनी वाहिली. तेथे राखेचा थर लागला. खांबांवरील लाकडी छत आगीत भस्मसात झाले असावे, असे अनुमान निघाले. मेगॅस्थेनीसनेही या नगराचा तट लाकडी असल्याचे लिहून ठेविले आहे.

लाकडी घरांच्या नगरात विस्तवाचे नियम कसे असावेत, हे कौटिलीय अर्थशास्त्रातील नगराधिकाऱ्याच्या प्रकरणात वाचावयास मिळते. ग्रंथाच्या काळाविषयी पंडितांत मतभेद आहेत. नियम मात्र स्वच्छ आहेत. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत विस्तव पेटविल्यास एक अष्टमांश पण दंड; स्वयंपाक करणे असेल तर तो घराबाहेर करावा. पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, आकडी इत्यादी साधने घरी न ठेवल्यास पाव पण. लागलेली आग विझविण्यास न धावणाऱ्या घरमालकास १२ पण, भाडेकऱ्यास ६. निष्काळजीपणाने आग लागल्यास ५४ पण. शिवाय रस्त्यांवर, चौकांत, वेशींपाशी व राजवास्तूंपाशी पाण्याच्या घागरींच्या रांगा सिद्ध असाव्यात.

फायलींत दिवस घालविणाऱ्या मजसारख्यास यातील मांडणी मोलाची वाटते. मनाईच्या शेजारीच पर्याय आहे, आणि प्रजेच्या दंडाशेजारी राज्याच्या घागरी आहेत.

डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. धुराने कोंदलेल्या शहरांत हे योग्यच होते. गेल्या पौषात आमच्या कचेरीतही पालापाचोळा न जाळण्याविषयी परिपत्रक निघाले. त्याचा मसुदा माझ्याच हातचा. दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकावरचा वृद्ध चौकीदार थंड राखेपाशी हात चोळीत बसलेला दिसला. “बाबूजी, अब किससे तापें?” एवढेच तो म्हणाला.

माझ्या मसुद्यात त्याचे उत्तर नव्हते. त्याच दिवशी मी टिपणी लिहिली: रात्रपाळीच्या चौकीदारांस घोंगडी व विजेची शेगडी मिळावी. साहेबांनी ती वाचून विचारले, “यास आधार कोणता?” अर्थशास्त्राचा आधार कार्यालयीन टिपणीत चालत नाही, म्हणून मी केवळ थंडीचा दिला.