आम्लस्रावरोधक औषधांच्या विरळ प्रतिक्रिया

जठराच्या अस्तरातील आम्लजनक पेशींमध्ये हायड्रोजन आयने बाहेर लोटणारे जे विकर असते, त्यालाच जखडून टाकणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल इत्यादी औषधांमुळे क्वचित उद्भवणारे, परंतु उद्भवल्यास गंभीर रूप धारण करणारे विकार. ओमेप्राझोल १९८८ साली स्वीडनमध्ये प्रथम विक्रीस आले आणि जठरव्रण व अन्ननलिकादाह यांच्या उपचारात या वर्गाने लवकरच अव्वल स्थान मिळविले. बहुसंख्य रुग्णांना ही औषधे उत्तम मानवतात, हे प्रथमच नमूद करणे न्याय्य होय. तथापि या निर्धोकपणाच्या लौकिकामुळेच चालू औषधांची यादी सांगताना पित्ताची गोळी रुग्णाच्या ध्यानात येत नाही, वैद्यही तिची चौकशी करीत नाही, आणि निदान महिनोन्‌महिने लांबणीवर पडते.

मूत्रपिंडाच्या नलिकांभोवतीच्या ऊतकास सूज आणणारा तीव्र आंतरालीय वृक्कशोथ ओमेप्राझोलच्या संदर्भात १९९२ साली प्रथम नोंदला गेला. औषधाच्या मात्रेशी त्याचा संबंध नसतो. ती शरीराची अधिहर्षता होय. ताप, पुरळ व रक्तातील इओसिनरागी पेशींची वाढ ही परिचित लक्षणे येथे बहुधा एकत्र आढळत नाहीत. थकवा, मळमळ, अन्नद्वेष अशा मोघम तक्रारींच्या आड क्रिएटिनीन चढत जाते, आणि त्याच मळमळीवर इलाज म्हणून मूळ औषध पुढे चालू राहण्याचा धोका असतो. निश्चित निदान मूत्रपिंडाच्या ऊतकपरीक्षेने होते. औषध वेळीच थांबविल्यास सुधारणा होते, मात्र ती सर्वांमध्ये पूर्ण होतेच असे नाही.

रक्तातील मॅग्नेशियम घटण्याचा विकार याहून उशिरा, २००६ साली, वैद्यकीय वाङ्मयात आला. आतड्यातून मॅग्नेशियमचे शोषण मंदावते, मूत्रपिंड उरलेला साठा काटकसरीने राखते, म्हणूनच मूत्रातही ते अत्यल्प सापडते. आणि परावटू ग्रंथीचा स्राव खुंटल्याने कॅल्शियमही उतरते. हातापायांना मुंग्या, पेटके, आकडी, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता अशी लक्षणे बहुधा वर्षाहून अधिक काळच्या सेवनानंतर, क्वचित तीन महिन्यांतही, प्रकट होतात. मूत्रल औषधे वा डिगॉक्सिन घेणाऱ्यास धोका अधिक. २०११ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी इशारा प्रसृत केला. त्यातील नोंदींपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत केवळ मॅग्नेशियम देऊन भागले नाही, औषध बंदच करावे लागले. ते पुन्हा सुरू करताच न्यूनता परतते, हा कार्यकारणाचा सबळ पुरावा होय.

उन्हाच्या जागी उमटणारा त्वचेचा ल्युपस आणि तीव्र अधिहर्षताजन्य आघात हेही या वर्गात नोंदलेले आहेत.

संशय येताच औषध थांबविणे हा मुख्य उपचार. वृक्कशोथ झालेल्या रुग्णास याच वर्गातील दुसरे औषध देऊनही तो उलटण्याची भीती असते. रुग्णाने मात्र हा निर्णय परस्पर घेऊ नये, कारण दीर्घ सेवनानंतर औषध एकाएकी सोडल्यास आम्लाचा स्राव काही काळ पूर्वीहून अधिक उसळतो, आणि वेदनाशामकांमुळे रक्तस्राव होऊ नये म्हणून ज्यांना ते दिलेले असते, त्यांचे संरक्षणच नाहीसे होते. पर्याय म्हणून फॅमोटिडीन वापरता येते. परंतु मूत्रपिंड क्षीण झालेल्या वृद्धांत त्यानेही चित्तभ्रम संभवतो, म्हणून त्यांच्यासाठी मात्रा कमी ठेवावी लागते.