काळी, पांढरी आणि कागद : केदारखेडा परिसरातील भूमिसंबंधांची परिभाषा

मराठवाड्याच्या ग्रामेतिहासाचा विचार करू लागताच अभ्यासकाची दृष्टी प्रथम राजवटींकडे, लढायांकडे आणि देवालयांकडे वळते. भोकरदन तालुक्यापुरते पाहिले तर हे स्वाभाविकही आहे. प्राचीन भोगवर्धन ते हेच भोकरदन. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी इंग्रजांची लढाई झाली, ती असईही याच परिसरातील. परंतु ज्या भूमीसाठी राज्ये उभी राहिली आणि मोडली, ती कसणाऱ्याचा तिच्यावर कोणता अधिकार होता, या प्रश्नाचे उत्तर लढायांच्या इतिहासात मिळत नाही. ते गावच्या दप्तरात आणि त्या दप्तरातील शब्दांत शोधावे लागते. पूर्णाकाठच्या केदारखेडा या गावाच्या निमित्ताने अशा काही शब्दांचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ग्रामनाम घेऊ. ‘खेडा’ हे उत्तरपद संस्कृत ‘खेट’ या शब्दापासून आले आहे. पूर्वपदाचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. ‘केदार’ म्हटले की मराठी माणसास शंकर आठवतो. परंतु अमरकोशात ‘वप्र’, ‘केदार’ आणि ‘क्षेत्र’ हे शब्द पर्यायवाचक दिले आहेत. बांध घालून पाणी कोंडलेले शेत, असाही केदाराचा अर्थ आहे. म्हणून या गावी पूर्वी पाणथळ शेती होती असे अनुमान कोणी काढील, तर ते घाईचे ठरेल. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीस मिळणाऱ्या पूर्णेचे हे खोरे मुख्यतः पावसावर विसंबणारे, ज्वारी-बाजरी, तूर आणि कापूस यांचे. ग्रामनामाच्या व्युत्पत्तीवरून शेतीचा इतिहास रचू नये, हा धडा येथेच घ्यावा. शेतीचा इतिहास नावात नव्हे, नित्य वापरातील शब्दांत शोधावा.

असे दोन शब्द म्हणजे ‘काळी’ आणि ‘पांढरी’. काळी म्हणजे गावाची लागवडीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, हे अर्थ मोल्सवर्थच्या कोशातही नोंदलेले आहेत. काळीचा रंग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने दिला, तर पांढरीचा रंग माणसाने दिला. पिढ्यानुपिढ्यांच्या चुलींची राख आणि पडलेल्या भिंतींची माती यांचे थर साचून ती जागा पांढुरकी झाली. हीच पांढरी माती मराठवाड्यातील माळवदांवर पसरली जाई, आणि जुन्या वसाहतींच्या शोधात निघालेला पुरातत्त्वज्ञही प्रथम पांढरीचे टेकाड पाहतो. विशेष हे की, ‘पांढरी’ हा शब्द केवळ जागेचा वाचक राहिला नाही. गावातील समस्त लोक, असाही त्याचा अर्थ झाला. पिके काळीत आणि माणसे पांढरीत, अशी गावाची संपूर्ण रचना या दोन विशेषणांनी सांगितली. राज्यकर्ते बदलले, तरी या जोडीला धक्का लागला नाही.

या रचनेचे स्वरूप तुलनेने अधिक स्पष्ट होते. जावा बेटातील भूमीही आपल्याप्रमाणे ज्वालामुखीची, पण तेथे पाणी विपुल असल्याने ‘सावाह’ म्हणजे बांधबंदिस्तीची भातशेती हा ग्रामजीवनाचा कणा झाला. अमरकोशातील केदार जणू तेथे प्रत्यक्ष नांदतो. गावाला जावातील शब्द ‘देसा’, तो संस्कृत ‘देश’ शब्दापासून आलेला. गावच्या प्रमुखास वेतनाऐवजी ‘बेंगकोक’ नावाची जमीन लावून देण्याची तेथील रीत आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाची आठवण करून देते. आणखी एक दुवा आहे. स्टॅम्फर्ड रॅफल्स १८११ ते १८१६ या काळात जावाचा कारभार पाहत असता त्याने जमीन-महसुलाची जी नवी पद्धत घातली, तिच्यामागे हिंदुस्थानातील रयतवारीचा आदर्श होता. शेत मोजावे, प्रत आकारावी आणि कसणाऱ्याचे नाव कागदावर आणावे, ही कल्पना जावास गेली, त्यानंतर बऱ्याच काळाने ती निजामाच्या मराठवाड्यात पोहोचली.

निजामी राज्यात पहिल्या सालारजंगाने १८५३ पासून कारभाराची घडी बसविण्यास आरंभ केला आणि शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदी झाली. येथून कागदाच्या भाषेचा प्रश्न तीव्र झाला. शेतकरी मराठी बोले. कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत असे. वरच्या कचेरीची भाषा प्रथम फारसी आणि १८८४ च्या सुमारापासून उर्दू. कालगणना फसली, आणि तिचे महिने आजर, दै, बहमन असे इराणी नावांचे. ज्याची जमीन, त्याला तिच्याविषयीचा कागद वाचता येत नसे. त्याला वाचून दाखविणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागे.

हा परकेपणा किती महागात पडू शके, हे एका शब्दावरून दाखविता येईल. फसली १३१७ च्या (इ. स. १९०७-०८) हैदराबाद जमीन महसूल कायद्यात जमीनधारकांच्या श्रेणी सांगितल्या आहेत. सरकारास थेट सारा देण्यास जबाबदार तो पट्टेदार. पट्टेदाराबरोबर आरंभापासून कब्जात असलेला, किंवा त्याच्यासारखाच जमिनीवर हक्क असलेला, तो शिकमीदार. आणि यांच्यापैकी कोणाकडून जमीन खंडाने घेणारा, तो आसामी शिकमी. फारसीत ‘शिकम’ म्हणजे पोट. मराठीतील ‘पोटहिस्सा’ आणि ‘पोटकुळ’ या शब्दांतही हीच प्रतिमा आहे. एकाच्या हक्काच्या पोटात दुसऱ्याचा हक्क, ही कल्पना दोन्ही भाषांना सुचली. पण बोलण्यात दोघेही ‘शिकमी’च. ‘आसामी’ हा एक शब्द गळला वा नको तेथे जोडला गेला, तर मालकीचा वाटेकरी खंडकरी ठरतो, किंवा खंडकरी वाटेकरी होतो. अशा खंडकऱ्यास काही संरक्षण देण्यासाठी फसली १३५४ मध्ये (इ. स. १९४४-४५) स्वतंत्र कायदा करावा लागला.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर भूमिसंबंध झपाट्याने बदलले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने ‘संरक्षित कुळ’ ही नवी संज्ञा दिली आणि पुढे अशा कुळांस मालकीचा मार्ग खुला केला. परंतु संरक्षित कोण, हे ठरे मागील वर्षांच्या नोंदींवरून. म्हणजे न्याय नवा, पण पुरावा जुन्या लिपीतला. १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकास मराठवाड्यात आजही जे महत्त्व आहे, त्याचे कारण हेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला, मराठी कारभाराची भाषा झाली आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंतर सातबारा हाच शेतकऱ्याचा मुख्य कागद बनला.

हा विषय केवळ जुन्या दप्तरांचा नाही. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन नोंदींतील ‘कुणबी’ या शब्दाचा शोध सुरू झाला. ‘कुणबी’ शब्दाचे मूळ ‘कुटुंबिन्’, म्हणजे घरदार असलेला गृहस्थ. त्यापुढे तो शेती करणाऱ्याचा वाचक झाला आणि जातिवाचकही. कोणत्या कागदात तो कोणत्या अर्थाने आला आहे, हे ठरविण्यास केवळ लिपी वाचता येणे पुरेसे नाही. त्या काळची परिभाषा अवगत हवी. त्या वाचनावर आज अनेक घरांचे भवितव्य अवलंबून आहे.

तात्पर्य, काळी आणि पांढरी हे शब्द गावाने घडविले, म्हणून ते सर्वांस कळत. पट्टेदार आणि शिकमी हे शब्द कचेरीने घडविले, म्हणून त्यांचा अर्थ सांगणाराच बलवान ठरे. मोडी आणि कारभारी उर्दू या दोन्हींत सारखी गती असलेले वाचक विरळ होत आहेत. मराठवाड्यातील महसुली परिभाषेचा, गावोगावच्या दप्तरांतील प्रत्यक्ष प्रयोगांसह सिद्ध केलेला कोश हे म्हणूनच भाषा आणि इतिहास या दोन्ही विभागांचे समाईक काम आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेका गावाचे दप्तर घेऊन आरंभ करावा. केदारखेड्यासारखे गाव त्यासाठी मुळीच लहान नाही.