अहमदनगर किल्ल्यातील बंदिवास (१९४२–४५): दिनचर्या आणि लेखन

अहमदनगर किल्ल्यातील बंदिवास म्हणजे 'छोडो भारत' आंदोलनाच्या प्रारंभी, ऑगस्ट १९४२ मध्ये, काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा नेत्यांना ब्रिटिश सरकारने अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील भुईकोट किल्ल्यात ठेवले तो स्थानबद्धतेचा काळ होय. या काळात जवाहरलाल नेहरू यांचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया', मौलाना अबुल कलाम आझाद यांचा 'गुबार-ए-खातिर' आणि इतर नेत्यांचे अनेक ग्रंथ लिहिले गेले. सुटकेची तारीख ठाऊक नसताना या बंद्यांनी लहान लहान नित्यकर्मांच्या आणि रोजच्या आत्मपरीक्षणाच्या आधारे दिवसाला आकार कसा दिला, हा या कालखंडाच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा भाग आहे.

पार्श्वभूमी

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या अधिवेशनात 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टच्या पहाटे, प्रमुख नेत्यांना अटक करण्यात आली. महात्मा गांधी, सरोजिनी नायडू, महादेवभाई देसाई आदींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, तर कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेण्यात आले. त्यांना कोठे ठेवले आहे हे सरकारने आरंभी जाहीर केले नव्हते. वर्तमानपत्रे आणि पत्रव्यवहार यांवरही सुरुवातीला बंदी होती. त्यामुळे बाहेर पेटलेल्या आंदोलनाचे नेतृत्व ज्यांनी करायचे, त्यांनाच त्याची वार्ता मिळत नव्हती.

किल्ला निजामशाहीच्या काळातील असून त्याभोवती खंदक आहे. १५९५–९६ मध्ये चांदबिबीने मोगल सैन्याविरुद्ध त्याचे रक्षण केले. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो जिंकून घेतला.

बंदी

किल्ल्यातील एका चौकाभोवतीच्या खोल्यांत पुढील नेते होते : मौलाना अबुल कलाम आझाद (तत्कालीन काँग्रेस अध्यक्ष), जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, डॉ. पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, डॉ. प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब. त्यांपैकी शंकरराव देव हे महाराष्ट्रातील होते. बारा जणांची मातृभाषा, धर्म, आहार आणि राजकीय मते यांत मोठे अंतर होते. शिक्षा ठोठावलेल्या कैद्याला सुटकेपर्यंतचे दिवस मोजता येतात. हे नेते मात्र खटल्याविना स्थानबद्ध होते, त्यामुळे त्यांच्या बंदिवासाला ठरलेली मुदत नव्हती.

दिनचर्या

बागकाम

चौकातील जमीन उजाड आणि खडकाळ होती. जुन्या बांधकामांचा राडारोडा तिच्यात मिसळलेला होता. आधीच्या तुरुंगवासांप्रमाणे येथेही नेहरूंनी बागकाम हाती घेतले. रोज कित्येक तास, उन्हातही, ते खणत आणि फुलझाडांसाठी वाफे तयार करीत. खणताना पुरातन भिंतींचे व बांधकामांचे अवशेष लागत. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या प्रारंभीच या खोदकामाचे वर्णन येते. भूमीतील अवशेषांवरून त्यांचे मन चांदबिबीकडे व इतिहासाकडे वळते आणि कुदळ बाजूला ठेवून लेखणी हाती घेण्याचा विचार तेथे व्यक्त होतो.

येथे कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रंथलेखनास आरंभ एप्रिल १९४४ मध्ये, म्हणजे किल्ल्यात आल्यानंतर सुमारे वीस महिन्यांनी झाला. तोवर बागकाम, वाचन, रोजनिशी आणि कन्या इंदिरा यांना पत्रे हाच क्रम चालू होता. मोठे लेखन या दीर्घ पूर्वतयारीनंतर आले. लिहिण्याविषयी वाटणारी टाळाटाळही नेहरूंनी त्याच प्रकरणात मोकळेपणाने नोंदवली आहे. आरंभानंतर मात्र सप्टेंबर १९४४ पर्यंतच्या पाच महिन्यांत त्यांनी सुमारे एक हजार हस्तलिखित पृष्ठे लिहिली.

पहाटेचा चहा आणि पत्रे

मौलाना आझाद पहाटे तीन ते चारच्या दरम्यान उठत. स्वतःच्या हाताने चहा तयार करीत आणि त्या निवांत वेळी लिहावयास बसत. त्यांचा चहा चिनी, जाईच्या सुगंधाचा आणि बिनदुधाचा असे. चहाची निवड, तो करण्याची रीत आणि त्याचा आस्वाद यांवर त्यांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. हे लेखन हबीबुर्रहमान खान शेरवानी या विद्वान स्नेह्यास उद्देशून लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. ही पत्रे टपालात पडणार नाहीत, हे लिहिणाऱ्यास ठाऊक होते. त्यामुळे पत्राचा घाट असला तरी ते स्वतःशी केलेले संभाषण ठरते. त्यांत तत्त्वज्ञान, धर्मश्रद्धेविषयीचे संशय, एकांताची आवड आणि स्वतःच्या स्वभावातील दोष यांची चिकित्सा आढळते.

पत्रांतील एक प्रसिद्ध प्रसंग चिमण्यांचा आहे. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांना हुसकावण्याचा प्रयत्न आझादांनी प्रथम केला. तो फसल्यावर त्यांनी तह केला आणि त्यांना रोज तांदळाचे दाणे घालू लागले. हळूहळू चिमण्या धीट होऊन तळहातावरून दाणे टिपू लागल्या. आझादांनी त्यांतील काहींना मोती, कलंदर, मुल्ला अशी नावे दिली होती.

रोजनिशी, अभ्यास आणि सहवास

डॉ. पट्टाभी सीतारामय्या यांनी किल्ल्यातील वास्तव्यात रोजनिशी लिहिली. ती 'फेदर्स अँड स्टोन्स' या नावाने १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. आचार्य नरेंद्र देव प्रकृतीने दमेकरी असूनही बौद्ध तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत राहिले. वसुबंधूच्या 'अभिधर्मकोश' या ग्रंथाच्या फ्रेंच भाषांतरावरून हिंदी अनुवादाचे काम त्यांनी येथे केले. वल्लभभाई पटेल यांना पोटाच्या विकाराचा त्रास होता. चालणे, वाचन आणि पत्त्यांतील ब्रिजचा डाव हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता.

एकमेकांकडून शिकणे हीदेखील एक नित्याची गोष्ट बनली. नेहरूंनी आपल्या ग्रंथाचे श्रेय देताना आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचा विशेष उल्लेख केला आहे. ग्रंथाची अर्पणपत्रिकाही ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ या काळातील किल्ल्यातील सहबंद्यांच्या नावे आहे.

दिनक्रमाची कसोटी : १९४३

नित्यक्रमाची खरी परीक्षा संकटात होते. १९४३ च्या वसंतात कलकत्त्याहून आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम यांच्या गंभीर आजाराच्या तारा येऊ लागल्या. सरकारला काही कळवायचे असल्यास ते तत्काळ पोहोचवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. आझादांनी सरकारकडे कोणतीही विनंती करण्यास नकार दिला. नेहरूंनी या विषयावर बोलून पाहिले, तरी त्यांचा निर्णय बदलला नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी झुलेखा बेगम यांचे निधन झाले. पती-पत्नींची भेट झाली नाही. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी आझादांची बहीण अब्रू बेगम यांचेही भोपाळ येथे निधन झाले.

निधनानंतर दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात आझादांनी या काळातील स्वतःच्या वर्तनाचा हिशेब मांडला आहे. ते ठरल्या वेळी भोजनगृहात जात, पण घास घशाखाली उतरत नसे. वर्तमानपत्र येण्याच्या वेळी काळीज धडधडे, तरी ते उचलण्याची घाई न दाखवता शांत बसून राहत. ही शांतता बाह्य देखावा होती, मनात तसे काही नव्हते, अशी कबुली त्यांनी दिली आहे. चौकातील एक जुनी कबर पूर्वी अनेकदा पाहिलेली असूनही त्या संध्याकाळी वेगळी भासली, असेही त्यांनी लिहिले आहे.

दिनचर्येच्या इतिहासात हे पत्र महत्त्वाचे मानावे लागते. नित्यक्रमाने आझादांचे दुःख हलके झाले असा दावा त्यात नाही. क्रम पाळल्याने उभे राहता आले आणि लिहिल्याने स्वतःच्या संयमातील खरे-खोटे पाहता आले, एवढेच त्यातून दिसते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी संगीतावरील दीर्घ पत्र लिहिले.

किल्ल्यात लिहिले गेलेले ग्रंथ

• 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' – जवाहरलाल नेहरू (इंग्रजी, प्रकाशन १९४६). साने गुरुजींनी केलेला मराठी अनुवाद 'भारताचा शोध' या नावाने प्रसिद्ध आहे. या ग्रंथावर आधारित 'भारत एक खोज' ही श्याम बेनेगल दिग्दर्शित मालिका १९८८ पासून दूरदर्शनवर दाखवली गेली.
• 'गुबार-ए-खातिर' – मौलाना अबुल कलाम आझाद (उर्दू, प्रकाशन १९४६).
• 'फेदर्स अँड स्टोन्स' – पट्टाभी सीतारामय्या (इंग्रजी, प्रकाशन १९४६).
• 'अभिधर्मकोशा'चा हिंदी अनुवाद – आचार्य नरेंद्र देव.
• ओडिशाचा इतिहास – हरेकृष्ण महताब.
• प्राचीन भारतीय संस्कृतीचा इतिहास – प्रफुल्लचंद्र घोष (बंगाली).

महाराष्ट्रातील तुरुंगलेखनाची परंपरा

बंदिवासाचा उपयोग चिंतनासाठी करण्याची परंपरा महाराष्ट्रात याआधीच रुजलेली होती. लोकमान्य टिळक यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले. विनोबा भावे यांनी १९३२ मध्ये धुळे येथील तुरुंगात दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर याप्रमाणे अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली आणि तीच 'गीता प्रवचने' म्हणून प्रसिद्ध झाली. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि एका वेळी एकच अध्याय ही त्या ग्रंथाची घडण नित्यक्रमातूनच झाली आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आगाखान पॅलेसमध्ये १५ ऑगस्ट १९४२ रोजी निधन पावलेले महादेवभाई देसाई हे तर १९१७ पासून गांधीजींच्या सहवासाची रोजनिशी लिहीत आले होते.

मूल्यमापन आणि मर्यादा

या कालखंडातून दिनचर्येविषयी तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बंद्यांनी हाती घेतलेली कामे लहान आणि स्वतःच्या आवाक्यातील होती. एक वाफा, एक पेला चहा, मूठभर दाणे किंवा रोजनिशीचे एखादे पान एवढेच त्यांचे स्वरूप होते. दुसरी, ही कामे ठरल्या वेळेशी जोडलेली होती. तिसरी, लेखनात यशाबरोबर टाळाटाळ, संशय आणि ढोंग यांचीही नोंद झाली. आत्मपरीक्षणाला आत्मस्तुतीपासून वेगळे करणारी बाब हीच होय.

सवयींविषयीच्या आधुनिक संशोधनाशी यांतील पहिल्या दोन गोष्टी जुळतात. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या अभ्यासात ९६ स्वयंसेवकांनी रोजची एक साधी कृती ठरावीक प्रसंगाशी जोडली. ती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले, परंतु व्यक्तिपरत्वे हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, असेही त्यात आढळले.

तथापि या उदाहरणाच्या मर्यादाही आहेत. या नेत्यांना पुस्तके, लेखनसाहित्य आणि राहण्यास बऱ्यापैकी जागा मिळाली होती. त्याच काळात तुरुंगात गेलेल्या असंख्य सामान्य सत्याग्रहींना अशा सोयी नव्हत्या. शिवाय नियमित दिनक्रमाने शरीराची झीज थांबली नाही. बंदिवासात आपले वजन सुमारे ४० पौंडांनी घटल्याचे आझादांनी नोंदवले आहे. बाहेर आंदोलन दडपले जात असताना आणि बंगालमध्ये १९४३ चा भीषण दुष्काळ पडला असताना आपण काहीही करू शकत नाही, ही खंत कोणत्याही सवयीने मिटण्यासारखी नव्हती. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या पहिल्याच प्रकरणात दुष्काळाविषयीचा उद्वेग आहे.

सुटका

मार्च-एप्रिल १९४५ मध्ये बंद्यांना आपापल्या प्रांतांतील तुरुंगांत हलवण्यात आले. नेहरूंनी २८ मार्च रोजी किल्ला सोडला. आझादांना बंगालमधील बांकुरा येथे नेण्यात आले. १५ जून १९४५ रोजी दोघांची मुक्तता झाली. नेहरूंचा हा नववा आणि सर्वांत दीर्घ, १,०४१ दिवसांचा तुरुंगवास होता.

स्मारक

किल्ला सध्या भारतीय लष्कराच्या ताब्यात आहे. ज्या खोल्यांत नेत्यांना ठेवले होते त्या जतन करण्यात आल्या असून नेहरूंची खोली त्यांत विशेष दाखवली जाते.

हे सुद्धा पहा

• भुईकोट किल्ला, अहमदनगर
• छोडो भारत आंदोलन
• आगाखान पॅलेस
• गीता प्रवचने